यांत्रिक दुभाष्या

आमच्या वर्गांत गेलीं कांहीं वर्षें एक नियम चालत आला आहे. निबंध असो वा पत्र असो, तें विद्यार्थ्यानें स्वतःच्या बुद्धीनें लिहिलें पाहिजे. संगणकाकडून अथवा मोबाइलकडून भाषांतर करवून आणलेला मजकूर आम्ही वाचीतहि नाहीं. हा नियम आम्हींच केला व तो मोडणारांस आम्हींच शासन केलें. आज वार्षिकाच्या या पानांवर त्या नियमाविषयीं आम्हांस थोडें निवेदन करावयाचें आहे, आणि शेवटीं एका गोष्टीची कबुलीहि द्यावयाची आहे. विद्यार्थ्यांप्रमाणें पालकांनींहि हें वाचावें अशी विनंति आहे.

इ. स. २०२५ च्या जानेवारी महिन्यांत आमच्या शाळेचे जुने शिपाई वारले. छत्तीस वर्षें त्यांनीं शाळेची घंटा दिली. आज ज्या पालकांचीं मुलें येथें शिकत आहेत, त्यांपैकीं कित्येकजण स्वतः त्यांच्याच घंटेवर वर्गांत बसले व त्यांच्याच घंटेवर घरीं गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा आमचाच विद्यार्थी. तो सध्यां रशियांत, व्होल्गा नदीच्या कांठच्या कझान शहरीं वैद्यकाचें शिक्षण घेत आहे. महाराष्ट्रांतून पुष्कळ मुलें त्या देशीं वैद्यक शिकावयास जातात, हें वाचकांस ठाऊकच असेल. दफनविधि दुसऱ्याच दिवशीं व्हावयाचा होता. इतक्या अवधींत कझानहून येऊन पोंचणें शक्य नव्हतें, आणि परीक्षाहि चालू होती. आईनेंच त्याला फोनवर सांगितलें, "बाळा, तूं येऊं नकोस. बाबांनीं तुला ज्यासाठीं धाडलें तें पुरें कर."

शाळेच्या संकेतस्थळावर मृत्युलेख लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. तो आम्हीं मराठींत, आमच्या मतें उत्तम मराठींत, लिहिला. आपल्या मंडळींतील रूढीस अनुसरून "ते प्रभूमध्यें निद्रिस्त झाले" या वाक्यानें आरंभ केला, मध्यें चारपांच लांबलचक वाक्यें घातलीं, आणि आपलें काम चोख झालें असें समजून निजलों.

रात्रीं साडेबाराच्या सुमारास आमचा फोन वाजला. कझानमध्यें तेव्हां दहा वाजले होते. तोच मुलगा बोलत होता, आणि त्याचा आवाज कांपत होता. "सर, आईला कांहीं झालें आहे काय? तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून कांहीं लपवितां काय?"

झालें होतें तें असें. त्याच्या वसतिगृहाच्या दाराशीं एक वृद्ध बाई राखण करीत बसते. तिला रशियन भाषेवांचून दुसरी भाषा येत नाहीं. मुलें तिला 'बाबुश्का' म्हणजे आजी म्हणतात. त्या सायंकाळीं हा जिन्याच्या पायरीवर बसलेला पाहून तिनें विचारपूस केली. रुग्णाशीं बोलण्यापुरती रशियन त्यास येते. परंतु दुःखांत परकी भाषा पहिल्यानें सोडून जाते. तेव्हां त्यानें शाळेच्या पानाचा दुवा तिच्या मोबाइलवर पाठविला. तिच्या ब्राउझरनें पान उघडतांच ओळखलें कीं हें रशियन नव्हे. भाषांतर करूं काय, अशी सूचना वर आली. तिनें बोट ठेवलें. आणि एका क्षणांत आमचा मराठी मृत्युलेख रशियन अक्षरांत तिच्यापुढें उभा राहिला. चष्मा लावून तिनें तो दोनदां वाचला. मग डोळे पुसून तिनें विचारलें, "बाळा, बाबांबरोबर आणखी कोण गेलें?"

हें ऐकून मुलाच्या तोंडचें पाणी पळालें. आईजवळ तिच्या दोघी बहिणी बसल्या आहेत, ती सुखरूप आहे, असें आम्हीं शपथेवर सांगितलें, तेव्हां कोठें त्याचा जीव खालीं पडला. पण आमचा जीव मात्र ठिकाणावर राहिला नाहीं. ज्या लेखानें त्या पोराचें सांत्वन व्हावयाचें, त्यानेंच त्याला घटकाभर पोरकें करून सोडलें होतें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें रशियन मजकूर आमच्याकडे धाडला. आम्हांस ती भाषा येत नाहीं. परंतु त्याच्या मदतीनें आणि तोच मजकूर उलट मराठींत आणवून आम्हीं चूक शोधून काढली. ती चूक आमच्या आदरांतच होती. आपण वडील माणसास 'ते' म्हणतों आणि 'ते गेले' असें अनेकवचनीं बोलतों. रशियन भाषेंतहि समोरच्या माणसास 'तूं' व 'तुम्ही' असे दोन निराळे शब्द आहेत; परंतु पाठीमागें बोलतांना आदरार्थीं अनेकवचन वापरण्याची आपल्यासारखी रीत तेथें नाहीं. शिवाय मराठीपासून रशियनपर्यंत थेट वाट नसली म्हणजे अशीं यंत्रें पुष्कळदां इंग्रजीच्या पुलावरून जातात. त्या पुलावर आमचे 'ते' बदलून पुष्कळ माणसें झालीं. भर म्हणून त्या सद्गृहस्थांचें नांव. आपल्यांतील अनेकांप्रमाणें तें एका सद्गुणाचें नांव होतें. यंत्रानें तें नांव म्हणून ठेवलेंच नाहीं. त्या सद्गुणाचा रशियन शब्द वाक्यांत घालून दिला. एका माणसाचा मृत्युलेख अशा रीतीनें निनांवी लोकसमूहाचा झाला.

विद्यार्थ्यांस येथें सहज प्रश्न पडेल कीं, हा यांत्रिक दुभाष्या असतो तरी कसा? त्याची हकीकत मनोरंजक आहे, आणि तींत रशियन भाषेचें स्थान फार मोठें आहे. इ. स. १९३३ मध्यें पेत्र त्रोयान्स्की या रशियन गृहस्थांनीं भाषांतराच्या कामीं शब्द निवडून छापणाऱ्या एका यंत्राचें पेटंट घेतलें. त्या काळीं त्यांच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें ७ जानेवारी १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें जॉर्जटाऊन विद्यापीठ व आय. बी. एम. कंपनी यांनीं साठांहून अधिक रशियन वाक्यें संगणकाकडून इंग्रजींत आणून दाखविलीं. त्या यंत्राजवळ शब्द होते अवघे २५० आणि व्याकरणाचे नियम अवघे ६. तरी तीन ते पांच वर्षांत हा प्रश्न सुटेल अशी आशा तेव्हां प्रकट झाली. ती फळास आली नाहीं. इ. स. १९६६ मध्यें अमेरिकेंतील सरकारी समितीनें प्रतिकूल अहवाल दिला, व या कामास मिळणारा पैसा आटला.

त्या काळची एक आख्यायिका आजहि सांगतात. गेथशेमाने बागेंत प्रभूनें शिष्यांस आत्म्याच्या उत्सुकतेविषयीं व देहाच्या दुबळेपणाविषयीं जें म्हटलें, तें यंत्रानें रशियनांत नेऊन परत इंग्रजींत आणलें, तेव्हां मद्य चांगलें असून मांस नासलें आहे असा अर्थ निघाला! ही गोष्ट खरी घडलेली नसून विनोदासाठीं रचलेली आहे, असेंच जाणते म्हणतात. परंतु रशियन लोकांच्या घरची एक गोष्ट मात्र खरी आहे. संगणकास जोडावयाचा जो 'माउस', तो चालविणाऱ्या आज्ञावलीस 'माउस ड्रायव्हर' म्हणतात. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत एका यांत्रिक भाषांतरांत त्याचें रशियन रूपांतर 'उंदराचे गुराखी' असें झालें. रशियन लोक वाईट भाषांतराची थट्टा करतांना आजहि त्या गुराख्यांची आठवण काढतात.

पुढें पद्धत पालटली. व्याकरणाचे नियम हातानें शिकविण्याऐवजीं, माणसांनीं पूर्वीं केलेलीं लाखों भाषांतरें यंत्रापुढें ठेवून त्यांतून संभवनीय शब्द निवडण्याची युक्ति निघाली. गूगलची भाषांतरसेवा इ. स. २००६ मध्यें या पद्धतीनें सुरू झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकीं रशियन ही एक. म्हणून तिचे इतर भाषांशीं जुळणारे कागदपत्र विपुल आहेत. आपली मराठी त्या सेवेंत इ. स. २०१३ मध्यें आली, व कोंकणी इ. स. २०२२ मध्यें. इ. स. २०१० मध्यें क्रोम ब्राउझरांतच भाषांतराची सोय झाली, आणि रशियांतील यांडेक्स कंपनीनें इ. स. २०११ मध्यें भाषांतरसेवा व इ. स. २०१२ मध्यें स्वतःचा ब्राउझर काढला. इ. स. २०१६ पासून मेंदूंतील मज्जापेशींवरून नांव घेतलेली नवी गणितपद्धति प्रचारांत आली. तींत यंत्र शब्दाशब्दाचा विचार न करतां प्रत्येक शब्दाचा बाकीच्या वाक्याशीं किती संबंध आहे याचें मोजमाप करतें. यामुळें भाषांतर पुष्कळ सुधारलें. इ. स. २०२१ पासून यांडेक्सचा ब्राउझर इंग्रजी चित्रफितींतील भाषण रशियन आवाजांत ऐकवूं लागला आहे.

ब्राउझरचें काम वरून सोपें दिसतें. तो पानाची भाषा ओळखतो, वाचकाच्या भाषेहून ती निराळी असल्यास विचारतो, मजकुराचे तुकडे करून बहुधा दूरच्या संगणकाकडे धाडतो, आणि परत आलेले तुकडे जेथल्या तेथें बसवितो. रकाने, रंग, चित्रें जागच्या जागीं राहतात. चित्रावर कोरलेलीं अक्षरें मात्र पुष्कळदां परकींच राहतात. इ. स. २०२३ मध्यें फायरफॉक्सनें मजकूर बाहेर न धाडतां वाचकाच्याच संगणकावर कांहीं भाषांचें भाषांतर करण्याची सोय केली. पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मजकूर परक्याच्या हातांत जाऊन परत येतो तेथें घरचे गुप्त कागद भाषांतरास देऊं नयेत.

असे हे यंत्राचे पराक्रम. तथापि जेथें एका भाषेस जें सांगावेंच लागतें तें दुसरी सांगतच नाहीं, तेथें यंत्र आजहि अडखळतें. इंग्रजींत कोणी 'मी दमलें' किंवा 'मी दमलों' असा भेद करीत नाहीं. मराठींत तो करावा लागतो, आणि नवलाची गोष्ट अशी कीं, रशियन भाषेंतहि भूतकाळीं तो करावाच लागतो. म्हणून एखाद्या इंग्रज बाईनें लिहिलेला अनुभव रशियन वाचकापुढें येतो तेव्हां ती बाई पुष्कळदां पुरुष होऊन बोलूं लागते. इंग्रजींत निळ्या रंगास एक शब्द पुरतो. रशियनांत गडद निळा 'सीनी' व आकाशी 'गलुबोय' असे दोन वेगळे रंग आहेत, आणि त्यांतून एक निवडावाच लागतो. इंग्रजी पानावर वाचकास जो एकच सर्वनामशब्द योजलेला असतो, त्याचें 'तूं' करावें कीं 'तुम्ही' करावें हें यंत्रानें ठरवावयाचें. आजीस नातवाप्रमाणें अरेतुरे होण्याचा, व नातवास न्यायाधीशाप्रमाणें अहोजाहो होण्याचा प्रसंग यांतूनच येतो. व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत घ्यावें. लिंग, वचन आणि पुरुष हे केवळ परीक्षेंतील गुणांसाठीं नसून, त्यांतील एक चुकला तर दूरदेशीं एका मुलाची रात्र कशी जाते, हें वर आलेंच आहे.

आतां सगळा दोष यंत्रावर ढकलून आम्ही मोकळे होऊं शकलों असतों. परंतु आमचा लेख पुन्हां वाचतां आम्हांस आमचीच लाज वाटली. रशियन साहित्यिक कोर्नेय चुकोव्स्की यांनीं कचेरीच्या कागदासारख्या बोजड भाषेस रोगाच्या नांवासारखें 'कान्त्सेल्यारित' असें नांव दिलें, आणि भाषांतरकार नोरा गाल यांनीं इ. स. १९७२ च्या आपल्या पुस्तकांत त्या रोगाचीं लक्षणें सविस्तर वर्णिलीं. तीं सारीं लक्षणें आमच्या मृत्युलेखांत होतीं. एका वाक्यांत तीन तीन समास, कर्ता एकीकडे व क्रियापद दुसऱ्या टोंकास. पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्या संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता; पण साध्या बायाबापड्यांना समजावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणलें. इ. स. १९२२ मध्यें त्या वारल्या व तें भाषांतर इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. स्लाव लोकांसाठीं हेंच कार्य सिरिल व मेथोडिअस या बंधुद्वयानें केलें होतें. इ. स. ८६३ मध्यें ते मोराव्हिया देशीं गेले, व त्या लोकांना कळेल अशा भाषेंत त्यांनीं शुभवर्तमान आणलें. या सर्वांच्या डोळ्यांपुढें वाचणारा माणूस होता. आमच्या डोळ्यांपुढें त्या रात्रीं आमची लेखणी तेवढी होती.

म्हणून आम्हीं तो लेख नव्यानें लिहिला. नांवापुढें 'आमच्या शाळेचे शिपाई' असें स्पष्ट घातलें. 'एकटे', 'आजारानें', 'रुग्णालयांत' असे साधे शब्द योजले. आई सुखरूप आहे व शाळा तिच्या पाठीशीं आहे, हेंहि एका स्वतंत्र वाक्यांत लिहिलें. लहान वाक्यें, एका वाक्यांत एकच गोष्ट. मुलानें तें पान आजीस पुन्हां दाखविलें, आणि या खेपेस तिला सर्व नीट समजलें.

एका गोष्टीचें मात्र आश्चर्य वाटतें. पहिल्या लेखांतील 'प्रभूमध्यें निद्रिस्त झाले' या शब्दांचें यंत्रानें साधें 'झोंपी गेले' असें केलें होतें. जवळ उभ्या असलेल्या एका तरुण विद्यार्थ्यास वाटलें कीं, गृहस्थ आजारी असून नुसते झोंपले आहेत. आजीस तसें क्षणभरहि वाटलें नाहीं. रशियन भाषेंत मृतास 'उसोप्शी' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ झोंपी गेलेला असाच आहे. आणि त्यांच्या मंडळींत प्रभूच्या मातेच्या मृत्यूचा जो सण आहे, त्यासहि 'उस्पेनिये' म्हणजे निद्रा असें नांव आहे. यंत्रानें शब्द हरविला होता, तो त्या बाईस आपल्या श्रद्धेंत सांपडला.

पुढें फेब्रुवारीच्या अखेरीस एके दिवशीं तिनें मुलाला दाराशीं थांबविलें व हातांत थोडी गोड भाकरी ठेवली. रशियन मंडळींत मृताचा चाळिसावा दिवस पाळतात. आपल्यांत ती चाल नाहीं, आणि मुलानें दिवस मोजलेहि नव्हते. आजीनें मोजले होते. आमच्या पानावरची तारीख पाहून तिनें हिशेब केला होता, व सकाळीं देवळांत जाऊन एक मेणबत्ती लावून आली होती. तारखेचे आंकडे तेवढे यंत्रानें बिनचूक नेले होते.

आतां कबुलीची गोष्ट. हाच मुलगा इ. स. २०१८ मध्यें आठवींत होता. 'माझे वडील' या विषयावर इंग्रजी निबंध दिला असतां, त्यानें तो मराठींत लिहून यंत्राकडून इंग्रजींत करवून आणला. घरीं इंग्रजी जाणणारें कोणी नव्हतें. हें आम्हांस माहीत होतें. त्यांत 'माझे वडील शाळेला घंटा देतात' या वाक्याचें 'माझे वडील शाळेला तास देतात' अशा अर्थाचें इंग्रजी झालें होतें. हिंदींत घंटा म्हणजे तास; मराठी थोडी व हिंदी फार वाचलेल्या यंत्राची बहुधा तेथेंच गफलत झाली असावी. आम्हीं तें वाक्य मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्ग खदखदां हंसला, आणि आम्हीहि हंसलों. मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. त्याचे वडील त्या वेळीं व्हरांड्यांत घंटेपाशींच उभे होते. त्यांनीं ऐकलें कीं नाहीं, हें आम्हीं त्यांस कधीं विचारलें नाहीं. पुढें सात वर्षें ते आम्हांस रोज सकाळीं हंसून सलाम करीत राहिले.

मृत्युलेख सुधारतांना आम्हीं मुलाला फोनवर प्रत्येक वाक्य वाचून दाखवीत होतों. घंटेचें वाक्य आलें तेव्हां तो म्हणाला, "सर, रशियनांतहि यंत्रानें तीच चूक केली आहे. छत्तीस वर्षें त्यांनीं शाळेला आपले तास दिले, असें आलें आहे." आम्हांस काय बोलावें तें सुचेना. आम्हीं म्हटलें, "तें दुरुस्त करूं." थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "नको, सर. तें तसेंच राहूं द्या. आजी तें वाचून हंसली नाहीं. ती म्हणाली, छत्तीस वर्षें, केवढीं झालीं!"

तें वाक्य आम्हीं तसेंच राहूं दिलें आहे. आणि त्या वर्गासमोर जें हंसें झालें, त्याबद्दल या वार्षिकाच्या पानावर, तितक्याच उघडपणें, आम्ही त्या मुलाची व त्याच्या आईची क्षमा मागतों. त्याच्या वडिलांची मागण्याची वेळ आम्हीं दवडली.

विद्यार्थीमित्रहो, वर्गांतला नियम यापुढें थोडा बदलत आहे. जी भाषा आपण शिकत आहों तिचा निबंध स्वतःच लिहावयाचा, हें कायम आहे. कारण दुसऱ्यानें चालून आपले पाय बळकट होत नाहींत. परंतु जी भाषा येत नाहीं, तींतील पान वाचण्यास किंवा परक्या माणसास आपलें म्हणणें कळविण्यास यांत्रिक दुभाष्याची मदत खुशाल घ्या. मात्र त्याला द्यावयाचें वाक्य लहान व स्वच्छ असावें. आलेलें भाषांतर उलट आपल्या भाषेंत आणवून पाहावें. नांवें, आंकडे, औषधांचीं प्रमाणें आणि कोण कोणाविषयीं बोलत आहे, हें दोनदां तपासावें. आणि कोणाचें वेडेंवांकडें भाषांतर हातीं आलें तर हंसण्यापूर्वीं त्यास काय सांगावयाचें होतें, हें त्यालाच विचारावें.

तो मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला आहे. शाळेची घंटा आतां दुसरे गृहस्थ देतात. ती वाजली म्हणजे आम्ही वर्गांत जरा उशिरानें बोलावयास आरंभ करतों, हें मुलांच्या लक्षांत आलें असेल. त्याचें कारण आज सांगितलें.